तपकिरी चरबीची वाट

शिरूर कासारच्या शुगरच्या दवाखान्यात मी अकरा वर्षं रक्त घेतोय. सुई टोचताना माणसं दुसरीकडे बघतात आणि बोलत सुटतात. किस्से असे साठतात, सगळेच हसण्याचे नसतात.

आमचे डॉक्टर एकदा परिषदेहून आले ते तपकिरी चरबीची बातमी घेऊनच! बाकड्यावरच्या पेशंटना सांगू लागले, ही चरबी साखर जाळून अंगात ऊब करते. साध्या चरबीच्या पेशी काढायच्या, तपकिरी बनवायच्या, परत अंगात सोडायच्या. अजून प्रयोग चाललेत, तेही जास्त करून उंदरांवर. उमापूरचे तात्या, माजी सरपंच, पोट सावरत म्हणाले, "म्हंजे हितंबी आमच्या आधी उंदरांचाच नंबर!"

थंडीनं ही चरबी जागी होते, एवढंच तात्यांनी धरलं. आठवडाभर एसी सोळावर लावून उघडे बसले. सर्दी झाली. सर्दीवर काढा घेतला, चांगला गूळ घालून. रिपोर्ट बघून डॉक्टरांनी कपाळाला हात लावला.

सलीमचाचांचा फळांचा गाडा दवाखान्यासमोरच असतो. शुगरनं त्यांच्या पायाचा अंगठा गेला. एकदा मी विचारलं, चिकू गोड आहेत का? म्हणाले, "मला काय इचारता? तुमीच चाखून सांगा, मग मी गिऱ्हाइकाला सांगतो." तेव्हापासून रोज सकाळी एक फोड मी चाखतो. हे काम मला आवडत नाही.

कौसामावशी ऊसतोडीला जातात. अंगानं जाड, त्यांनाही शुगर. त्यांची मनीषा मात्र काडी, नवव्या वर्षापासून इन्सुलिनवर. तोडीवर पाचटाच्या कोपीत ओल्या वाळूत मडकं पुरून त्यात पोरीचं औषध गार ठेवतात. डॉक्टरांनी तपकिरी चरबीचं सांगितलं त्या दिवशी बाकड्यावर त्याही होत्या. आत आल्यावर विचारलं, एकीची चरबी दुसरीला चालेल का? डॉक्टर घाईत होते. "पुढंमागं चालेलही," म्हणाले.

त्यानंतर मावशींचं वजन ढिम्म हलेना. डॉक्टर दर खेपेला रागवायचे. त्या मान खाली घालून ऐकायच्या आणि तशाच परत यायच्या.

यंदा तोड संपवून आल्या. मी काट्यावर उभं केलं, तर सात किलो कमी! डॉक्टर खूश झाले, शाबासकी दिली. मावशींचा चेहरा उतरला. मनीषाला त्यांनी बाहेर बसायला पाठवलं आणि हळूच विचारलं,

"डागदरसाब, ऱ्हायलंय तेवढं मनीला पुरंल ना?"