पंधरा टक्क्यांचे मामा

जगातल्या कुठल्याही सरकारने काहीही निर्णय घेतला, तरी त्याची पहिली अंमलबजावणी ठाकूरद्वारच्या एका इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर होते, असं माझं ठाम मत आहे. तिथे माझ्या बायकोचे मामा राहतात. पस्तीस वर्षं कस्टम्समध्ये कारकुनी करून ते निवृत्त झाले, पण ही निवृत्ती फक्त ऑफिसने मान्य केली, मामांनी नाही. सकाळी चहाबरोबर पेपर वाचायचा आणि कुठे नवा नियम झालेला दिसला की तो घरात लागू करायचा, हा त्यांचा शिरस्ता. युरोपातल्या कुठल्याशा देशात चार दिवसांचा आठवडा आल्याचं वाचलं, तेव्हा मामांनी शुक्रवार ते रविवार भायखळ्याहून भाजी आणणं बंद केलं. मामींनीही मग ते तिन्ही दिवस त्यांना नुसतं पिठलं घातलं. कुठे घड्याळं तासभर पुढे केली, तर घरातलं घड्याळही पुढे गेलं, आणि आमच्या केळवणाला आम्ही अगदी वेळेवर पोचूनही तासभर उशीर केला म्हणून बोलणी खाल्ली.

पण खरी धमाल उडाली ती अमेरिकेच्या सरकारने आपल्या कंपन्यांना कॉम्प्युटरच्या चिप चीनला विकायची परवानगी देताना त्या विक्रीतला पंधरा टक्के वाटा मागितला तेव्हा. सकाळी साडेसातला मामांचा फोन. "जावईबापू, वाचलंत? नफ्यातला नाही हो, विक्रीतला! माल दाराबाहेर पडला की वाटा सरकारचा. आम्ही मूर्ख. जन्मभर आत येणाऱ्या पेट्या फोडत बसलो, बाहेर काय चाललंय ते बघितलंच नाही."

त्या दिवसापासून मामांच्या घरातून कुठलीही वस्तू अख्खी बाहेर पडली नाही. दारात खुर्ची, खुर्चीत मामा, हातात फूटपट्टी. मामींच्या हातचं कोबी-कोलंबीचं, केकसारखं खरपूस भाजलेलं भानोलं म्हणजे माझ्या बायकोच्या आजोळचा अभिमान. त्याची ताटली शेजारच्या वाडीतल्या आंटींकडे निघाली की मामा पट्टी लावून एक कोपरा कापत आणि तिथेच, उभ्या उभ्या, सरकारजमा करून ढेकर देत. रद्दीवाल्याकडे सात पेपर निघाले तर एक मागे. इस्त्रीला सात शर्ट निघाले तरी जायचे सहाच, आणि तो सातवा चुरगळलेला शर्ट घालून मामा ताठ मानेने लग्नाला यायचे. आंटीही काही कमी नव्हत्या. नाताळात त्यांनी एक कोपरा आधीच कापलेला केक आणून दिला. "भाऊ, तुमचा टॅक्स मी घरीच कापला. तुम्हाला कशाला तरास?" मामांचा तिळपापड झाला. "अहो, आयातीवर वाटा नसतो!" आंटी शांतपणे म्हणाल्या, "तुमची आयात. माझी एक्स्पोर्ट ना, बाबा!" मामांनी पट्टी खुर्चीखाली सरकवली आणि केक आत नेला.

अशातच त्यांच्या नातीला नोकरी लागली. लहानपणापासून ती आजी-आजोबांकडेच वाढलेली. नोकरी हॉलंडमध्ये, आणि तीही चिपच्या कंपनीत! पेढे वाटले गेले, पेढ्यांतलाही वाटा काढून झाला, आणि मामांनी एक कागद पुढे केला. वर्षाचे पंधरा टक्के, म्हणजे पंचावन्न दिवस, नातीने ठाकूरद्वारला राहायचं. सही केली तरच परवानगी.

"आजोबा, कंपनी सुट्ट्याच पंचवीस देते!"

"ते निर्यातदाराने बघायचं."

"मी रोज व्हिडिओ कॉल करीन ना."

"फोटोवर माल पास करत नाही आम्ही. प्रत्यक्ष तपासणी लागते."

आम्ही हसून हसून लोळलो. ती मात्र हसता हसता थांबली. "जे जमणार नाही त्यावर मी सही करणार नाही, आजोबा. तुम्हीच शिकवलंय." तो कागद मग तीन आठवडे फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली तसाच लटकत राहिला. तिकीट आलं, बॅगा भरून झाल्या, पण आजोबा 'जा' म्हणेनात, आणि त्यांनी म्हटल्याशिवाय तिचा पाय घरातून निघेना. एकदा मी त्यावर काहीतरी विनोद केला, तर मामी मला स्वयंपाकघरात नेऊन म्हणाल्या, "तुम्हाला हसू येतंय. अहो, चार दिवस झाले, हे दुपारचे जेवत नाहीयेत."

निघायच्या दिवशी सकाळी टॅक्सी खाली येऊन उभी राहिली. दारात खुर्ची आणि खुर्चीत मामा होतेच. नात दोन बॅगा घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिली. डोळे भरलेले, पण हनुवटी अगदी मामांसारखीच वर. "घ्या आजोबा तुमचा वाटा. त्याशिवाय कशी जाऊ मी?"

मामांनी तिच्याकडे नखशिखान्त पाहिलं. मग ते उठले आणि खुर्ची ओढून बाजूला केली.

"जा. सगळीच्या सगळी जा. थोडी इथे ठेवून घेतली तर तिकडे जीव रमायचा नाही तुझा."

ती त्यांच्या गळ्यात पडली. पट्टी खाली पडली ती कुणी उचलली नाही. या माणसाला इतकी वर्षं हसत आलो, पण त्या क्षणी मला त्यांचा जेवढा लळा वाटला तेवढा कधी वाटला नव्हता.

ती गेल्यावर मामा आणि मी गॅलरीत आलो. टॅक्सी नाक्यावर सिग्नलला थांबली होती. मामा कठडा घट्ट धरून बघत होते. बऱ्याच वेळाने मी म्हटलं, "मामा, आत चला. चहा झालाय."

"सिग्नल सुटू दे," मामा म्हणाले.

टॅक्सी केव्हाच निघून गेली होती. मी त्यांच्या शेजारी तसाच उभा राहिलो.