एकही पट्टी न हरवलेला माणूस

नागपूरच्या बेसा भागात देवराव पेस्टरांचं घर विचारलं, तर पानठेल्यावाला अजूनही बोट दाखवतो. पेस्टर म्हणजे काय, ते मात्र त्यालाही ठाऊक नसतं. कॉम्प्युटरवर पानं लागायला सुरुवात झाली त्याआधीची ही गोष्ट. तेव्हा वर्तमानपत्राची बातमी कागदाच्या लांबलचक पट्टीवर निघायची. ती ब्लेडनं कापायची, पाठीला गोंद लावायचा आणि मोठ्या कागदावर सरळ रेषेत चिकटवायची. असं अख्खं पान उभं राहायचं, मग छपाईला जायचं. काटोलकडच्या खेड्यातून सातवी पास होऊन आलेल्या देवरावांनी नागपूरच्या एका दैनिकात हेच काम पंचवीस वर्षं केलं.

त्यांची एक तऱ्हा होती. एक काप, एक चिकटव, असं ते कधी करत नसत. पाच-सहा पट्ट्या एकदम कापायच्या, गोंद लावून डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत ओळीनं लटकवायच्या, आणि मग फुलं वाहावीत तशा एकेक पानावर बसवायच्या. नागपूरचा मे महिना, समोर कूलर हत्तीसारखा फुंकतोय, तरी देवरावांच्या हातावरची पट्टी हलायची नाही.

एकदाच हलली. पोटनिवडणुकीची बातमी उडाली आणि पान अडलं. सगळं खातं टेबलाखाली शिरलं. सर्वांत जास्त ओरडत होते उपसंपादक, खुर्चीवर बसल्या बसल्या. देवराव शांतपणे त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले. "साहेब, जरासे उठा." साहेब उठले. पट्टी साहेबांच्या पॅन्टला चिकटलेली, गोंदासकट! तेव्हापासून देवराव म्हणायचे, "फेकलेली पट्टी हरवते गा, कापलेली कुठी जाते? इथंच असते."

पुढे पानं कॉम्प्युटरवर लागू लागली आणि देवरावांचं टेबल एका सोमवारी जिन्याखाली गेलं. उरलेली वर्षं त्यांनी पार्सलखात्यात अंकांचे गठ्ठे बांधून काढली. त्याबद्दल ते बोलत नसत. पंचवीस वर्षांत एकही पट्टी हरवली नाही, हे मात्र पाहुण्याच्या हातात पाण्याचा पेला जायच्या आत सांगत.

म्हणूनच समाजाच्या वधू-वर परिचय मेळाव्याची पुस्तिका करायची ठरली, तेव्हा अध्यक्ष गोपाळराव सरळ त्यांच्याकडे आले. "देवरावभाऊ, पानं लावाले तुमच्यासारखा माणूस नाही." सत्तरी ओलांडलेल्या माणसाला आणखी काय पाहिजे?

मुलामुलींची माहिती नात पिंकीनं टाइप केली. मराठी टाइप करणं देवरावांना जमत नव्हतं, पण माऊस त्यांनी मागून घेतला.

"आबाजी, बटण दाबून धरा अन् ओढा. निळं झालं का?"

"झालं वं."

"आता कट. जिथं पाहिजे तिथं जा अन् पेस्ट."

ओळी इथून उठल्या आणि तिथं जाऊन बसल्या. देवराव लहान पोरासारखे हसले. "हे तं मी जन्मभर केलं! फक्त गोंद नाही."

"पण आबाजी, एक ध्यानात ठेवा, कट केल्यावर लगेच..."

"तू मले कापाचिकटवाले शिकवून राहिली का? तुह्या बापाच्या जन्माआधीपासून कापून राहिलो मी."

पिंकी हसली आणि बोलणं तिथंच राहिलं.

पुस्तिकेत एक फॉर्म त्यांच्या स्वतःच्या मुलीचा होता. दीपमाला छत्तीस वर्षांची, औषधांच्या दुकानात कामाला, चार वर्षांपूर्वी घटस्फोट घेऊन माहेरी आलेली. फॉर्म भरायला ती वर्षभर तयार नव्हती. तयार झाली तेव्हा तिनं 'घटस्फोटित' हा शब्द स्वतःच्या हातानं, ठळक लिहिला.

"हे लिहाची काय गरज आहे? बोलणं पुढं गेल्यावर सांगू," देवराव म्हणाले होते.

"नाही बाबा. लपवाचं असन तं फॉर्मच देऊ नका. मले लाज नाही वाटत, तुम्हाले वाटते काय?"

"मले काहून वाटन?" देवराव म्हणाले, पण जरा उशिरानं.

छपाईच्या दिवशी सकाळी गोपाळरावांचा फोन आला. "पुनर्विवाहवाल्यांचं शेवटी वेगळं पान करा भाऊ. बारापर्यंत पाठवा." अशी नावं दोन होती, दीपमाला आणि काजल. पिंकी मामाकडे काटोलला गेलेली. देवरावांनी चष्मा पुसला आणि बसले. दीपमालाची माहिती निळी केली, कापली. मग काजलची निळी केली, कापली. दोन्ही पट्ट्या हातावर लटकवल्यासारखे ते ऐटीत शेवटच्या पानावर गेले आणि पेस्ट केलं. काजल आली. परत पेस्ट केलं. परत काजलच आली.

'डबल आली,' म्हणून त्यांनी एक खोडली. दीपमालासाठी तिसऱ्यांदा पेस्ट केलं, पुन्हा काजल. तीही खोडली. मग फाईल वरपासून खालपर्यंत पाहिली. टेबलाखाली वाकून पाहावं, असा हा कागद नव्हता. पिंकीला फोन लावायला ते उठले आणि परत बसले. परवाच तर तिला ऐकवलं होतं. कापली आहे, फेकली तर नाही, मग इथंच कुठंतरी असेल, छापताना निघेल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली आणि फाईल पाठवून दिली.

मेळावा मनीषनगरच्या एका मंगल कार्यालयात भरला. दीपमालानं सुट्टी काढली होती, मोरपंखी साडी नेसली होती. दारात पुस्तिका घेतली आणि तिसऱ्या रांगेत बसून पानं उलटली, पुढून मागे, मग मागून पुढे.

स्टेजवर तोवर देवरावांच्या खांद्यावर शाल पडली होती, हातात नारळ आला होता. गोपाळराव माईकवरून सांगत होते, "पंचवीस वर्षं पेपरात काढली या माणसानं, एक पट्टी हरवली नाही! आजचीही पुस्तिका यांच्याच हातची." टाळ्या पडल्या. टाळ्यांतच सावनेरकडच्या कौशल्याबाई स्टेजपाशी आल्या. त्यांच्या मुलाचं दुसरं लग्न करायचं होतं, आणि दीपमालाचं नाव त्यांना आधीच कुणी सुचवलं होतं. गोपाळरावांनी शेवटचं पान पाहिलं आणि माईक तसाच तोंडापुढे धरून विचारलं, "देवरावभाऊ, आपल्या दीपमालेचं नाव दिसत नाही गा. सुटलं का?"

सुटलं, असं म्हणायचं होतं, एवढंच. एक शब्द. तिथल्या तिथं नाव पुकारलं गेलं असतं, दीपमाला उभी राहिली असती, कौशल्याबाईंनी तिला पाहिलं असतं. पण शालीनं अजून खांद्यावर ऊबही धरली नव्हती, आणि देवरावांच्या तोंडून माईकवरच निघून गेलं, "सुटलं नाही. तिनंच काढाले लावलं. तिचं मन नाही."

कौशल्याबाई मान हलवत परत गेल्या. दीपमालानं पुस्तिका मिटून पर्समध्ये ठेवली.

परतताना ऑटोत ती बाहेर पाहत बोलली. "बाबा, मले एवढंच सांगा. हरवलं का काढलं?"

"काढलं," देवराव म्हणाले. एकदा बोललेलं फिरवायचं कसं? "लोक काय म्हणतीन, म्हणून."

"म्हणजे लाज वाटते."

देवराव शालीची घडी घालू लागले.

दोन दिवसांनी पिंकी आली. फाईल उघडली आणि स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आबाजी, दोन कट लागोपाठ केले ना तुम्ही? अवो, त्याच्यात एकच राहते! दुसरं कापलं का पहिलं गेलं. हेच सांगून राहिली होती मी. आत्याचं नाव गेलं ना तुमच्या हातानं!"

दीपमाला कणकेच्या हातानं दारात येऊन उभी राहिली.

"हरवलं होतं तं," ती म्हणाली. "हरवलं म्हणाले असते तं मी हसली असती बाबा. दोन दिवस मी काय काय समजून बसली तुमच्याबद्दल, अन् तुम्ही समजू दिलं. पट्टी हरवली म्हणाचं नव्हतं, म्हणून?"

ती आत गेली आणि पोळ्या लाटू लागली.

पुढच्या वर्षी गोपाळरावांचा फोन आला. पुस्तिका याही वेळी देवरावभाऊंनीच करावी, असं सगळ्यांचं म्हणणं होतं. देवराव हो म्हणाले.

"अन् दीपमालेचा फॉर्म? औंदा तरी मन आहे का तिचं?"

"विचारून सांगतो," देवराव म्हणाले. दीपमाला पलीकडच्याच खोलीत होती. त्यांनी विचारलं नाही.