मुकी न झालेली घंटी

"तेल देल्लं का जी?"

आमच्या प्रयोगशाळेचा शिपाई सकाळी दार उघडायचा तो हे विचारतच. कुणाला, देव जाणे. बिजागरी, कुलूप, तराजू, स्वतःचं डोकं, सगळ्यांना टोरीचं तेल! मोहाच्या बियांचं ते तेल कुरखेड्याकडच्या त्याच्या गावाहून यायचं आणि खोलीभर उग्र वास सुटायचा. "भाऊ, तराजूला नको हो," हे सांगून सांगून मी थकलो होतो. असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. त्याच्या मायेचा आपल्याला ताप होतो, आणि रागावताही येत नाही.

ते एकोणीसशे पन्नासचं दशक. धानाच्या बांध्यांत उभं राहिलेलं नवं कॉलेज. विज्ञानाचा वर्ग तात्पुरता, म्हणून मीही तात्पुरता आणि तोही. माझं काय, मी कुठेही खडू घासला असता. त्याची बायको मात्र तिच्या भावाच्या घरी दिवस काढत होती. "कायम झालो का तिले इथी आणतो," हे त्याचं पालुपद.

वर्ग कायम करायचा की नाही, हे ठरवायला नागपूरहून समिती येणार होती. मी प्रयोग निवडला तो घंटीचा. काचेच्या हंडीखाली विजेची घंटी वाजत ठेवायची, हातपंपाने हवा उपसायची, की आवाज विरत विरत बंद. पण हंडीखालचं रबराचं कडं दगा द्यायचं. त्याच्या पोटात हवा नि ओल मुरलेली. पोकळी झाली की ती निघतच राहायची आणि घंटी गप्प बसायची नाही. शेवटी मुंबईच्या मित्राकडून उष्णता सोसणाऱ्या नव्या रबराचं कडं मागवलं, भट्टीत तापवून तापवून त्याच्या पोटातलं सगळं बाहेर काढलं. घंटी मुकी झाली! मी टाळी वाजवली. पंप फिरवणारा भाऊ कष्टी झाला.

"मेली वाटते, साहेब."

मी नुसता हसलो. समजावण्याचं त्राण नव्हतं.

समिती आली त्या सकाळी पाहतो तर कडं चकाकतंय. "किती कोरडं पडलं होतं बिचारं," भाऊ खुशीत म्हणाला. आता काय करता? मंडळी दारात उभी. भाऊने पंप धरला. कड्याभोवती तेल फसफसलं, त्यातली हवा नि ओल बुडबुड्यांनी सुटत राहिली आणि घंटी वाजत राहिली. भाऊ घामाने निथळला, पण हात सोडेना. मधूनमधून माझ्याकडे बघून हसायचा. अखेर समितीतले एक गृहस्थ म्हणाले, "राहू द्या."

वर्ग नामंजूर झाला. मला चांद्याला शाळा मिळाली. त्याला कोण देणार?

राग आला होता, खोटं कशाला बोलू? तरी त्याला मोटारीवर पोचवायला गेलो. खिडकीतून तो म्हणाला, "साहेब, घंटी त मी शेवटपावतर थांबू नाई देल्ली. मंग काऊन नाई म्हणले?"

"त्यांची मर्जी, भाऊ."

"तिले काय सांगू मंग?"

तेलाचं तेव्हाही सांगितलं नाही, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही.

"सांगा, साहेब म्हणाले, काम चोख होतं."

मोटार सुटली तरी तो ते वाक्य पुटपुटत होता, पाठ करत असल्यासारखा.