न बोललेला नवस

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आईला नाही, दादाला नाही, शेवंतामावशीलासुद्धा नाही — आणि तिला मी काय काय सांगितलंय, ते इथं लिहिण्यासारखंही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि कारण आज अष्टमी आहे, मी आत्ताच नाचून आलोय, मानेला घामात कालवलेला भंडारा चिकटलाय, पाय अजून थांबायला तयार नाहीत. अशा वेळी माणूस खरं बोलून जातो. थंड झालो की पुन्हा बोलणार नाही, हे मला माहीत आहे.

आधी मी कोण ते सांगतो. शहागंजात साड्यांच्या एका दुकानात मी काउंटरला असतो. तुम्ही कधी नीट पाहिलंय का — बाईनं "पदर कसा दिसंल?" असं विचारलं की सेल्समन काय करतो? सरळ स्वतःच्या खांद्यावर टाकतो. मिशी असो, पोट सुटलेलं असो, कमरेशी चटचट निऱ्या खोचतो आणि पदर हातावर पसरून उभा राहतो. आणि कुणी हसत नाही! अख्ख्या शहरात पुरुषाला दिवसाकाठी ढीगभर साड्या अंगावर घ्यायला मिळतील अशी दुसरी जागा असेल तर मला सांगा. नोकरी बदलायची का, असं मला लोक विचारतात. मी कशाला बदलेन?

मला साडी आवडते. मला पुरुष आवडतात. दोन्ही मला शाळेपासून ठाऊक होतं आणि दोन्ही मी गिळून बसलो होतो. पण आजची कबुली ती नव्हे. त्यात कबूल करण्यासारखं काही नाही, हे मला शेवंतामावशीनं शिकवलं.

शेवंतामावशी म्हणजे आमच्या गल्लीच्या टोकाला यल्लम्माचं लहानसं देऊळ आहे, तिथली जोगती. घरच्यांनी तिला मुलगा म्हणून वाढवलं. मिसरूड फुटायच्या सुमाराला तिनं गळ्यात कवड्यांची माळ घातली, साडी नेसली, ती कायमची. नवरात्रात तिच्याभोवती आमच्यासारखे सगळे जमतात — कुणी साडीतले, कुणी शर्टपँटीतले, एका घरात संसार करणाऱ्या दोन मैत्रिणी, पार जालन्याहून येणारा एक रिक्षावाला. वर्षभर ज्यांना लोक टाळ्या वाजवून चिडवतात, त्यांच्याच पायावर त्या नऊ दिवसांत डोकं ठेवतात. लहानपणी मी कोपऱ्यावर उभा राहून हे बघायचो. मला तिकडं जायचं होतं. पण कोणत्या तोंडानं जायचं?

तोंड मिळालं ते आईच्या आजारपणात. आईचं ऑपरेशन झालं, ती वाचली, घरी आली. सगळे तिच्या खाटेभोवती बसले आणि कोण कोणत्या देवाला काय बोललं होतं, ते सांगायला लागले. दादा खंडोबाला बोललेला, आत्या तुळजापूरला. मग आईनं माझ्याकडं पाहिलं. ऑपरेशन चालू असताना मी दवाखान्याच्या बाकावर चक्क झोपलो होतो हो! काही बोललो नव्हतो, कुणालाच. पण तोंडातून निघालं, "मी यल्लम्माला बोललोय. पाच वर्षं नवरात्रात साडी नेसून जोगवा मागीन."

आईच्या डोळ्यांना धार लागली. नवसाला कोण नाही म्हणणार? आईनं स्वतः येऊन आमच्याच दुकानातून माझ्यासाठी हिरवी साडी घेतली. ती दाखवायला मीच खांद्यावर टाकली होती.

या खोटेपणाचं मला वाईट वाटत नाही. वाटायला हवं का? असेल. पण तुम्ही तो पहिला दिवस पाहिला नाहीत. हातात कोपरापर्यंत चुडा, कपाळभर मळवट, हातात परडी — परडी म्हणजे वेताची उथळ टोपली, तिच्यात कवड्या आणि भंडारा, तीच पुढं करून जोगवा मागायचा. आणि डोक्यावर जग. पितळी मुखवटा, त्याला चोळी, साडी, मोरपिसं, असा देवीचा अख्खा भार डोक्यावर घ्यायचा, हात न लावता नाचायचं. मनात खोट असली की जग टिकत नाही, असं म्हणतात. चौंडकं वाजायला लागलं आणि माझी मान आपोआप स्थिर झाली, खालचं सगळं अंग मात्र सुटलं. आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या अंगात राहायला आलो होतो. शेवंतामावशी कानाशी येऊन म्हणाली, "नवसाचा हायेस का मनाचा?" मी म्हणालो, नवसाचा. ती हसली. जग टिकला.

पाहा, मी पुन्हा नाचण्याकडं वळलो. सांगायचं ते राहिलंच आहे. वहिनी.

वहिनी आल्या त्या माझ्या नवसाच्या दुसऱ्या वर्षी. फर्दापूरच्या. वडील लेणी बघायला येणाऱ्यांना रंगीत दगड विकायचे, त्यामुळं कुणाशीही बोलायची भीड नाही, हसणं गल्लीभर ऐकू जाणारं. दिराला साडी नेसलेलं बघून दुसरी एखादी माहेरी निघून गेली असती. या म्हणाल्या, "भावजी, निऱ्या माझ्यापेक्षा चांगल्या घालता की." पाचव्या वर्षापर्यंत दर नवरात्रात मला काजळ त्यांनीच घातलं. देवाच्या खोलीत खिडकीपाशी मला बसवायच्या, हनुवटी धरायच्या, म्हणायच्या, डोळा मिचकावला तर चिमटा काढीन. इतकं सरळ माझ्याशी घरात कुणी वागलं नव्हतं.

आणि मग पाचवं वर्ष आलं. नवस फिटणार होता. नवमीच्या सकाळी आईनं पुरण शिजायला घातलं होतं. साडी देवीला वाहायची, परडी देवळात ठेवून यायची आणि दसरा झाला की सोयगावला माझ्यासाठी मुलगी बघायला जायचं, असं सगळं ठरलेलं. मामा जेवायला आलेला. मी देवाच्या खोलीत आवरत होतो. हे संपणार? उद्यापासून फक्त दुकानात, गिऱ्हाइकासमोर, मिनिटभर?

वहिनी दोन दिवस बाजूला होत्या. लोणच्याची बरणीसुद्धा मीच काढून देत होतो. आमच्या घरी त्या दिवसांत बाईनं देवाच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. मला हे ठाऊक होतं. आणि तरी मी हाक मारली, "वहिनी, काजळाची डबी कुठंय?" रोजच्या सवयीनं त्या लगबगीनं आत आल्या, डबी परडीशेजारी फळीवर ठेवली आणि मग लक्षात आल्यावर जीभ चावून बाहेर पळाल्या.

मी परडी फळीवरून ढकलली.

माझ्या हातानं. कवड्या फरशीवर उधळल्या, भंडारा सगळीकडं झाला. आई धावत आली, मागून दादा, मामा. मी म्हणालो, "वहिनी आत आल्या होत्या. पदर लागला बहुतेक." त्या 'बहुतेक'बद्दल मला आजही स्वतःचा सगळ्यात जास्त राग येतो. जणू मी त्यांना सांभाळून घेत होतो.

वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी तोंड उघडलं. पण दीर, नवरा, मामेसासरे समोर उभे असताना सून काय बोलणार — आणि कशाबद्दल? माझे ते दिवस चालू आहेत, पण पदर लागला नाही, असं? ते त्यांना बोलता येणार नाही, हे मला माहीत होतं. म्हणून तर मी ते निवडलं. त्यांनी आपल्याच पदराकडं पाहिलं, टोक हातात घेतलं, उलटून बघितलं. त्यांनाच खात्री राहिली नव्हती.

आईनं त्यांना उंबऱ्याबाहेर नाक घासायला लावलं. नवस बाटला, असं ठरलं. पुन्हा पहिल्यापासून पाच वर्षं. सोयगावची मुलगी राहिली. आणि मी? मी खाली मान घालून कवड्या गोळा करत होतो आणि माझ्या छातीत चौंडकं वाजत होतं. आनंदानं. होय, आनंदानं.

संध्याकाळी पडल्या चेहऱ्यानं शेवंतामावशीकडं गेलो, घडलं ते सांगितलं — म्हणजे माझं घडवलेलं. ती मोठ्यानं हसली. "यल्लम्माआई काय दर महिन्याला परडी सोडून बाहेर बसती व्हय? बाईच हाय की ती. आन तुला नवस कशाला लागतोय रे? ये की नुस्ता." हे वाक्य मला घरी आणता आलं असतं. वहिनींना नुसतं एवढं सांगितलं असतं, तरी त्या सुटल्या असत्या. पण नवसाशिवाय साडी नेसायची म्हणजे मी कोण, ते घरी सांगणं आलं. मी देवळातून आलो, हातपाय धुतले, जेवलो. पुरणपोळी चांगली झाली होती.

पुढच्या वर्षी वहिनींना दिवस गेले आणि चौथ्या महिन्यात सगळं गेलं. आई फक्त देवीपुढं दिवा लावून बसली. तेवढं पुरलं. वहिनी गच्चीवर कपडे वाळत घालत होत्या, मी वर गेलो, तेव्हा त्यांनी माझ्याकडं न बघता विचारलं, "भावजी, परडीमुळंच झालं का वं?" जगात दुसऱ्या कुणाला विचारलं असतं तर मी आज जरा बरा असतो. मला विचारलं. आणि नाही म्हणायला किती वेळ लागतो? मी म्हणालो, "देवीची मर्जी."

त्यानंतर त्यांचं हसणं गल्लीत कधी ऐकू आलं नाही. नवरात्रात पायात चप्पल घालत नाहीत, कर्णपुऱ्याच्या जत्रेला अनवाणी जाऊन येतात. देवाच्या खोलीत, बाजूला असोत-नसोत, आजतागायत शिरलेल्या नाहीत. पुढं मुलगी झाली, ईश्वरी, तेव्हाही त्यांनी तिला खोलीबाहेरूनच देवीला दाखवलं. माझी दुसरी पाच वर्षं भरली तेव्हा आईच म्हणाली, आता जन्मभर कर बाबा, उगाच विषाची परीक्षा नको. मग आई गेली. मी अजून गल्लीत 'नवसाचा' आहे. माझ्या लग्नाचं पुन्हा कुणी काढलं नाही. मला सगळं मिळालं.

काजळ गेली काही वर्षं ईश्वरी घालते. आईसारखीच हनुवटी धरते, आईसारखीच चिमट्याची धमकी देते. गेल्या महिन्यात ती मोठी झाली. आज सकाळी मी खिडकीपाशी बसून हाक मारली, तर ती दाराबाहेर उभी राहून डबी धरलेला हात लांब करते आहे. मी म्हणालो, आत ये की. तर म्हणाली, "नको काका. मम्मीचा पदर लागला तर येवढं झालं. माझा तर पदर बी नाय, टीशर्ट हाय, तरी मम्मी नाय म्हनती."

एका डोळ्यात काजळ घालून मी तसाच उठलो. म्हणालो, "ये गं तू. काही होत नाही." तिनं एक पाऊल आत टाकलं. स्वयंपाकघरातून वहिनी आल्या, पीठ लागलेल्या हातानं तिला मागं ओढलं आणि स्वतः उंबऱ्याबाहेर गुडघ्यावर बसून कान धरले. म्हणाल्या, "आई, लेकराला कळत नाय. जे द्यायचं ते मला दे. तिला नको."

मी समोर उभा होतो, नेसून सजून. बोल, आत्ता बोल, असं माझ्या मनात होतं. शब्द तयार होते, किती वर्षांपासून तयार होते: वहिनी, परडी मी ढकलली. एवढेच तर आहेत. तेवढ्यात बाहेर चौंडकं सुरू झालं. मी दुसऱ्या डोळ्यात काजळ घातलं आणि निघालो.

आणि नाचलो. कसा नाचलो म्हणून सांगू! शेवंतामावशी आता थकली आहे, खुर्चीत बसून असते, तीसुद्धा उठून उभी राहिली. ऊन, भंडारा, मोरपिसं, पायाखालचा तापलेला रस्ता, आणि मी मधोमध. इतकं सुख मला दुसऱ्या कशानं होत नाही आणि आजही झालं, अगदी तेवढंच.

शेवटी ज्याच्या डोक्यावर जग असतो, त्याच्या पायावर बाया येऊन डोकं ठेवतात. रांगेत वहिनी होत्या, अनवाणी, शेजारी ईश्वरी. इतर बाया पाय धरतात. या दोघी हातभर लांब थांबल्या, पदर आवरून धरला आणि तिथूनच रस्त्याला डोकं टेकलं, चुकूनसुद्धा शिवायचं नाही म्हणून.

मी वाकलो आणि दोघींच्या कपाळाला भंडारा लावला. जग जरासुद्धा हलला नाही.