आबांना थंड करायला अंबडकडच्या मठात

हिवाळा लागला की आमच्या सासऱ्यांचं, म्हणजे आबांचं, डोकं तापतं. गेल्या थंडीत माझ्या लेकीला, कुसुमला, पाहायला आलेले पाहुणे शेकोटी अडवून बसले, म्हणून आबांनी त्यांना उठवलं. सोयरीक तिथंच मोडली. यंदा मार्गशीर्षात परतूरचे पाहुणे यायचे होते. अंबडकडे एक महाराज माणसाला मातीवर उभं करून शांत करतात, असं बाजारात ऐकलं होतं. गुडघ्याचं औषध मिळतं असं सांगून मी आबांना बाहेर काढलं.

तुमच्या घरी असे कुणी असतील तर ऐका. जालन्याहून अंबडला सर्व्हिस मोटार जाते. पुढची जागा धरा. मागे धूळ आणि कोंबड्या. भाडं निजामाच्या हाली सिक्क्यात द्या, इंग्रजी कलदार रुपया दिलात तर मोड विसरा. अंबडात भाकरी-ठेचा बांधून घ्या, कारण मठातलं जेवण सात्त्विक, म्हणजे बिनमिठाचं. पुढे बैलगाडी. आबांनी वाटभर गाडीवान, बैल आणि रस्ता, तिघांचाही उद्धार केला.

मठ म्हणजे पत्र्याची शेड आणि एक नांगरलेलं रान. पहाटे महाराज सगळ्यांना दवानं भिजलेल्या ढेकळांत अनवाणी उभं करत. डोळे मिटा, टाचेखालची माती ओळखा, श्वास मोजा. स्वतः मात्र घोंगडीवर, पायात लोकरीचे मोजे. रोज पहाटे अनवाणी सडा घालणाऱ्या आम्ही बायका एव्हाना साध्वी व्हायला हव्या होत्या.

आबांशेजारी एक जाडजूड म्हातारा कुडकुडत होता. तो पुटपुटला, "पाय बधिर झाले, मन कुठलं शांत?"

"बिलकुल बराबर," आबा म्हणाले. "मोजे घालून शिकवून राह्यलाय."

झालं, गट्टी जमली. बाकीचे श्वास मोजत, हे दोघं महाराजांचे दोष.

चुलीपाशी त्या म्हाताऱ्याची सून भेटली. सासरे थंडीत फार भडकतात आणि लवकरच धाकट्या दिरासाठी मुलगी पाहायला जायचंय, तिथं तमाशा नको म्हणून आणलं, असं ती सांगत होती. कुणाकडे, विचारलं तर तिनं आमचंच नाव घेतलं. हसू आवरल्यावर आम्ही ठरवलं, दोघांची दोस्ती पक्की होईस्तोवर बोलायचं नाही. निघताना सांगितलं, तेव्हा आबांनी तिथंच सोयरीक ठरवून टाकली. महाराजांनी ती मातीची कृपा म्हणून दक्षिणेला ज्वारीचं पोतं मागितलं, आणि आबा पुन्हा तापले.

घरी कुसुमनं सगळं ऐकून घेतलं. "सासरा पाहिला, जाऊ पाहिली," ती म्हणाली. "मुलगा कुणी पाहिला का?"

कुणीच नाही. ठरल्याप्रमाणे पाहुण्यांनी यावं आणि मुलानंही यावं, असा निरोप मी परतूरला धाडला. ते आले. दोघे म्हातारे महाराजांना शिव्या देण्यात गुंगले होते, तेवढ्यात कुसुमनं त्या मुलाला सरळ विचारलं, थंडीत राग येतो का.

तो गडबडला. मग म्हणाला, "येतो. मंग मी रानात निघून जातो. घरच्यांवर कशाला काढायचा?"

कुसुम आत आली. "हा खोटं बोलत न्हाई," ती हळूच म्हणाली. "होय म्हणा."

लग्न वैशाखात धरलंय. आबांचा राग जिथल्या तिथं आहे. मठातून त्यांनी आणल्या त्या टाचांच्या भेगा, आणि त्यांना तेल मला लावावं लागतं.