रॉडच्या मागे उभा असताना

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला नाही — आई तर आता राहिलीही नाही. तुम्ही माझे कोण? कुणीच नाही. म्हणूनच कदाचित तुम्हाला सांगता येईल.

मी परदेशात राहतो. आधी मस्कत, तिथून मेलबर्न, आता कायमचा इथलाच. लोकांना व्यायाम शिकवतो, त्यावरच घर चालतं. शहापूरला गेलो की ओळखीची माणसं कौतुकानं बघतात — आपला रवी कुठून कुठं पोचला! त्यांना काय माहीत, ती जागा माझी नव्हतीच?

ती नरेशची होती. नरेश सापगावचा, भातशेतीवाल्या घरातला. नव्वदीच्या दशकात आम्ही दोघं शहापूरच्या एका व्यायामशाळेत जायचो. व्यायामशाळा म्हणजे पत्र्याची शेड, एक बाक आणि गंजके रॉड. त्याला तिथं मीच नेलं. रॉड कसा धरायचा, श्वास कधी सोडायचा — सगळं मीच शिकवलं. आणि बघता बघता तो माझ्या पुढे निघून गेला. मी अंडी खायचो, दूध प्यायचो. तो नाचणीची भाकरी आणि सुकट खाऊन यायचा, तरी अंग त्याचंच भरायचं. माझं का नाही? आरशासमोर उभा राहिलो की दुसरं काही सुचायचंच नाही.

मुरबाडला शरीरसौष्ठवाची स्पर्धा झाली. नरेश पहिला आला, मी — कुठेच नाही. परीक्षकांत एक गृहस्थ होते, मस्कतच्या जिमसाठी माणसं शोधणारे. त्यांनी नरेशला तिथल्या तिथे विचारलं, ट्रेनर म्हणून येतोस का? शेजारी मी उभा होतो. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. मी टाळ्या वाजवल्या, चांगल्या जोरात वाजवल्या. पण आतून नुसता जळत होतो. खोटं कशाला बोलू — याला कावीळ व्हावी, याचा पासपोर्ट हरवावा, असं वाटत होतं मला. घरी वडील म्हणाले, "बघ, तुजा चेला कुठं चालला!" मी ताटावरून उठलो.

मनात कुणाच्या काय येत नाही? तेवढ्यावरच थांबलो असतो, तर आज तुमच्यापुढे हे काढलंच नसतं.

आमच्या शेडमधला एक रिवाज तुम्हाला सांगायला हवा. बाकावर उताणं पडून छातीवरून रॉड उचलायचा असला, की डोक्याशी एक जण सपोर्टला उभा राहतो. उचलणारा "घे" म्हणेपर्यंत त्यानं रॉडला बोटही लावायचं नाही. कुणी आधी हात लावलाच, तर उचलणारा भडकायचा — चारचौघांत इज्जत गेल्यासारखं व्हायचं त्याला. पण "घे" म्हटलं की लगेच घ्यायचा. सगळा भरवसा त्या शब्दावर.

नरेशचं जाणं आठवड्यावर आलं होतं. सकाळी शेडमध्ये आम्ही दोघंच. त्यानं नेहमीपेक्षा जास्त वजन चढवलं आणि म्हणाला, "रव्या, ऱ्हा मागं. तिकडं तुज्यासारका सपोर्ट कोन देनार रे?" थट्टा नव्हती. प्रेमानं म्हणाला तो. मी मागे उभा राहिलो. रॉड अर्ध्यावर येऊन अडला. त्याचे हात थरथरायला लागले, मान लालबुंद झाली. मी वरून बघत होतो. आणि मी — हात खालीच ठेवले. रॉड उजवीकडे कलंडला, खांद्यात काहीतरी फाटल्यासारखा आवाज झाला. मग मी उचलला.

डोळखांबच्या हाडवैद्यानं खांदा बांधला. पण तो हात पुन्हा कधी कानाच्या वर गेला नाही. ते गृहस्थ चौकशीला आले, तेव्हा नरेश हात गळ्यात बांधून बसला होता. तोच म्हणाला, "माज्या जागी रव्याला न्या. मला यानंच शिकवलाय." मी नको म्हणालो का? म्हणालो — तोंडदेखलं.

नरेश आता शेती बघतो, भाताची पोती डाव्या खांद्यावरून वाहतो. मी गावी गेलो की त्याची आई नव्या तांदळाची पिशवी माझ्या हातात ठेवते. तो तोंडभर हसतो. तसं मला हसता येत नाही, आणि — बघा, अजून माझी खोड गेलेली नाही — त्या हसण्याचाही मला हेवा वाटतो.

येणाऱ्या-जाणाऱ्याला तो माझी ओळख करून देतो. "घे म्हनायला गेलो, पन माजा आवाजच फुटला नाय," तो सांगतो. "तरी यानं हात घातला. म्हनून जित्ता हाय मी." लोक माझ्याकडे बघतात. मी मान खाली घालतो, त्यांना तो माझा विनय वाटतो.

त्याचा आवाज फुटला होता. शेडमध्ये दुसरा कसलाही आवाज नव्हता. "घे, रव्या," असं नाव घेऊन म्हणाला होता तो. मी ऐकलं होतं.