सगुणाबाईंनी मुहूर्त थांबवले

सगुणाबाई विचारल्याशिवाय कुणाला हात लावत नसत. तान्ह्या बाळालासुद्धा आधी म्हणत, "लावू का रे बाप्पा?" अकोल्याच्या बायकांच्या दवाखान्यात त्या नर्स होत्या. चांदूर रेल्वे गावच्या माळ्याची लेक, उंच, काळीसावळी, आणि आवाज असा की फाटकाशी बोलल्या तर आतल्या खाटेवर ऐकू यावं. बाकीच्या नर्सा त्यांच्या या सवयीला हसत. मीही हसले असते, पण त्या दवाखान्यात गेले तेव्हा माझं हसू केव्हाच आटलं होतं.

माझं लग्न बाविसाव्या वर्षी झालं. माहेर अमरावतीचं, वडील मास्तर. मॅट्रिक होऊन मी दोन वर्षं शाळेत शिकवलंही होतं. सासर अकोल्याचं. सासरे भिक्षुकी आणि ज्योतिष करत. नवरा कचेरीत कारकून, माणूस सज्जन, पण तोंडात जीभ आहे की नाही कळू नये असा. अडचण ही, की तो जवळ आला की माझं अंग आतून घट्ट मिटून जाई आणि जीव जाईल असं दुखे. मी मुद्दाम करत नव्हते हो! मला तर संसार हवा होता.

सासऱ्यांनी पंचांग काढून ठरवलं, की गर्भाधानाचा मुहूर्त चुकला. झालं! पुन्हा होम, पुन्हा मला न्हाऊ घालून ओटी भरणं, पुन्हा शेजारच्या बायका दाराबाहेर थट्टा करत बसलेल्या. असं तीनदा झालं, आणि दर खेपेला माझं अंग आणखीच आवळलं. माहेरी पत्र टाकावं तर लिहू काय? चौथा मुहूर्त निघाला त्याच बैठकीत हेही ठरलं, की यंदा जमलं नाही तर मुलाचं दुसरं लग्न. मुलगी पाहूनही ठेवली होती. तोवर "ही बाई आहे तरी का" हे बघायला सासूबाई मला दवाखान्यात घेऊन गेल्या.

सगुणाबाईंनी त्यांना बाहेर बसवलं. मला विचारून तपासायला लागल्या आणि मी किंचाळले. त्यांनी लगेच हात मागे घेतला. मग एकदम माझ्या डोळ्यासमोर बोट आणलं. पापणी मिटली.

"काहून मिटली वं?"

"आपोआप मिटली."

"मंग! पापणीले कोणी हट्टी म्हणते काय? तुयं तसंच हाय. भेव बसलं की तिथले स्नायू आपोआप आवळतेत. तू नाही करून राहिली, अंग करून राहिलं. बाकी तू सारी धड हायेस."

मी ढसाढसा रडले. दीड वर्षात मला कुणी धड म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाई आमच्या ओसरीवर हजर! "पंडितजी, सहा महिने मुहूर्त नाही असं घरात सांगा. तुमच्या मुहूर्तांचंच भेव हाय पोरीले."

सासरे लालबुंद झाले. "तू मला शास्त्र शिकवतेस?"

"नाई जी. पण दुसरी आणली अन् तिचंही असंच झालं, तं लोक पोराकडे बोट दाखवतीन."

सासऱ्यांनी चष्मा चढवला. बराच वेळ पंचांगाची पानं उलटली आणि कार्तिकापर्यंत योग नाही, असं जाहीर केलं. जाता जाता बाईंनी माझ्या नवऱ्यालाही बजावलं, "थे हो म्हणेपरेंत जवळ जाऊ नका, साहेब."

मग दर आठवड्याला मी त्यांच्याकडे जाई. आधी नुसता श्वास, मग अंग सैल सोडणं, मग स्वतःचंच बोट, तेही मन होईल तेव्हाच. कुठे घाई नाही. कार्तिक उजाडला तेव्हा आम्हाला मुहूर्ताची गरज उरली नव्हती. ती पाहून ठेवलेली मुलगी दुसऱ्या घरी गेली, सुखी असो बिचारी.

सगुणाबाई गेल्या त्याच्या महिनाभर आधी मी लेकीला घेऊन त्यांना भेटायला गेले होते. अंथरुणाला खिळल्या होत्या. मी विचारलं, "बाई, हे सगळं तुम्ही शिकलात कुठं?"

"दवाखान्यात. डॉक्टरीणबाई एका बाईले समजावून सांगे, अन् मी गरम पाण्याचं भांडं धरून उभी होती. ऐकता ऐकता ध्यानात आलं, अवं, मले हेच झालं होतं. मले विसाव्या वर्सी टाकलं होतं नवऱ्यानं. मी हे ऐकलं तवा त्याले दुसरी करून बारा वर्सं झाले होते."

"मग? काय केलंत?"

"काय करीन वं?" त्या म्हणाल्या. "त्या बाईले तपासाचं होतं. पाणी थंडं होऊ देता येते काय?"